नेट सुरू, पण वेबसाइट उघडेना: लिनक्सच्या एका फाइलवर हक्क कुणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नसेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय उरतो. समजा, हिमायतनगरमधल्या एखाद्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्राने तो निवडला. फॉर्मची शेवटची तारीख आहे, वायफाय जोडलेलं आहे, पण एकही वेबसाइट उघडत नाही. असं का होतं?

डीएनएस म्हणजे काय?

वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. हा पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा, हे लिनक्समध्ये 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

मग भांडण कशाचं?

पूर्वी ही फाइल हाताने लिहिली जायची. पण लॅपटॉप घर, ऑफिस, हॉटस्पॉट असा फिरू लागला आणि प्रत्येक ठिकाणचा सर्व्हर वेगळा असतो. त्यामुळे नेटवर्कमॅनेजर, डीएचसीपी, व्हीपीएन असे अनेक प्रोग्राम या एकाच फाइलमध्ये लिहू लागले. एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो.

यावर 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' हा मध्यस्थ आला. उबंटूपाठोपाठ ऑक्टोबर २०२० मध्ये फेडोरा ३३ नेही तो मुळातच सुरू ठेवला. तेव्हापासून या फाइलमध्ये बहुधा १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. तो बाहेरचा सर्व्हर नसून त्याच कॉम्प्युटरमधला मध्यस्थ असतो. समर्थकांच्या मते, व्हीपीएन आणि घरचं नेट एकत्र सांभाळायला तो हवाच. टीकाकारांच्या मते, साधी गोष्ट अवघड झाली.

सामान्य माणसाला काय फरक पडतो?

आपण कोणत्या वेबसाइटवर जातो, हे डीएनएस सर्व्हरला कळू शकतं. फाइल चुकीच्या प्रोग्रामने बदलली, तर व्हीपीएन सुरू असतानाही ही माहिती बाहेर जाऊ शकते.

उपाय काय?

इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे फाइल हाताने बदला आणि तिला कुलूप लावा. त्याने आजचं काम भागतं, पण उद्या दुसऱ्या नेटवर्कवर तीच अडचण उभी राहते. त्याऐवजी 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड देऊन सध्या कोणता सर्व्हर वापरात आहे ते पाहावं आणि बदल नेटवर्क सेटिंगमधूनच करावा. फाइल कुणीही वाचावी, पण लिहिणारा एकच असावा.