ब्रह्मकमळाचे लाड



चातुर्मास लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. एक मंदिरातल्या मांडणीचे. दुसरे रात्री साडेअकराला काढलेले ब्रह्मकमळाचे. शेजारी निरांजन, कुंकवाची कोयरी आणि झोपेतून उठवून उभा केलेला नातू. खाली ठरलेलं वाक्य, ‘बारा वर्षांतून एकदाच उमलणारं दुर्मीळ फूल, पुढे पाठवा, इच्छा पूर्ण होईल.’ यंदा हा निरोप मला सहाजणींकडून आला. त्यातल्या दोघींकडे मीच दिलेलं झाड आहे आणि ते गेल्या वर्षीही फुललं होतं!

तेव्हा आधी हे बारा वर्षांचं प्रकरण मिटवू. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, 3000 मीटरच्या वर उगवतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. सांगलीच्या उन्हात ते चार दिवससुद्धा टिकायचं नाही. आपल्या गॅलरीत असतं ते निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतून आलेलं झाड. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे, फड्या निवडुंगाचं असतं तसंच. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी निघते. झाड जाणतं झालं की दरवर्षी फुलतं, कधी कधी एका पावसाळ्यात दोन-तीनदाही. नाव बदला असं मी म्हणत नाही. सासूबाईंना मरेपर्यंत ते ब्रह्मकमळच होतं, मलाही आहे. पण ते मूळचं कुठे आणि कसं राहतं हे ठाऊक नसल्यामुळे आपण त्याचे हाल करतो. मी केलेत, म्हणून लिहिते आहे.

हे झाड जमिनीत वाढणारं नव्हे. जंगलात ते मोठ्या झाडाच्या बेचक्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात बसतं, कधी खडकाच्या खोबणीत. अशांना अपिवनस्पती म्हणतात. बांडगुळाशी त्यांची गल्लत करू नका. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं खुपसून त्याचा रस ओढतं. हे बिचारं फक्त बसायला जागा मागतं. खाणं म्हणजे वाऱ्यापावसानं जे काही येऊन साठेल ते. पाऊस धो धो पडतो, पण लगेच निथळून जातो आणि मुळांना पुन्हा हवा लागते. अशा झाडाला काळ्या मातीत पुरून रोज तांब्याभर पाणी घातलं तर काय होईल?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. सासूबाईंना आम्ही आक्का म्हणायचो. त्यांनी निपाणीहून, माहेराहून, वर्तमानपत्रात गुंडाळून एक पान आणलं होतं. कान तुटलेल्या पत्र्याच्या बादलीत विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि परसातला कुजका पाला घालून त्यांनी ते खोचलं आणि मागच्या बोळात, पेरूच्या सावलीत टांगून टाकलं. पुढे त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. भांडी विसळलेलं पाणी मधूनमधून मिळायचं. दर पावसाळ्यात आठ-दहा फुलं ठरलेली. आम्हाला वाटायचं, आक्कांचा हातगुण.

2014 साली आक्का गेल्या. त्यांची आठवण म्हणून ती बादली मला बघवेना. मी चांगली चिनी मातीची कुंडी आणली, नदीकाठची काळीभोर माती, निम्मं शेणखत, वर दर महिन्याला युरियाची चिमूट. रोज सकाळी पूजा झाली की पाणी. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेबाची सवय जात नाही. एका वहीत डावीकडे पाणी-खताच्या तारखा आणि उजवीकडे कळ्या असं मांडायला लागले. पहिल्या वर्षी डावी बाजू भरून वाहिली. झाड हातभर नव्हे, पुरुषभर वाढलं, हिरवंगार, लुसलुशीत. उजवी बाजू कोरी.

दुसऱ्या वर्षी पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. पिठ्या ढेकूण. त्यामागून मुंग्यांची रांग. ज्या नर्सरीतून कुंडी आणली होती तिथल्या माणसानं एक बाटली दिली, म्हणाला, “दोन फवारे मारा काकू, सगळं साफ.” मी मारले. खरंच साफ झालं. सकाळी कुंडीखालच्या फरशीवर पिठ्या ढेकूण होते, मुंग्या होत्या, आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेले चार-पाच ढालकिडेही होते. हे ढालकिडे तर तो कीडा खायला आपण होऊन आले होते. मी केरसुणीनं ते सगळं गोळा केलं. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन काही ठिकाणावर येईना. सर्व जीवांची क्षमा मागताना जीभ अडखळली.

त्यानंतर मी या गोष्टीवर बऱ्याचजणींशी बोलले. एक मैत्रीण, स्वाध्यायाला नियमित येणारी, म्हणाली, “अगं, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटते का? स्वयंपाकात होतेच ना?” मला हे पटत नाही. चूल पेटवल्याशिवाय घर चालत नाही. माझ्या भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे, तो औषध मारतो. ती त्याची उद्योगी हिंसा, त्याच्यावर चार माणसं जगतात, आणि तोही पर्युषणात त्याबद्दल हात जोडतो. माझं ब्रह्मकमळ कुणाचं पोट भरतं? ते हौसेचं आहे. हौसेच्या झाडासाठी बाटली हातात घेऊन, नेम धरून जीव मारायचे आणि त्याला आरंभी म्हणायचं, हे खातं चुकीच्या पानावर मांडल्यासारखं आहे. मी त्याला संकल्पीच म्हणेन. कुणाला कडक वाटेल, वाटो.

पण खरी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती या मतापेक्षा महत्त्वाची आहे. ते कीडे मीच बोलावले होते. नत्राचं खत जास्त झालं की वाढ कोवळी आणि रसाळ होते. अशा वाढीवर रस शोषणारे कीडे फार माजतात. त्यांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्यांची राखणही करतात. म्हणजे मी आधी पंगत वाढली आणि मग जेवायला आलेल्यांना मारलं. बोळातल्या बादलीवर इतक्या वर्षांत कीड पडल्याचं मला आठवत नाही. कारण तिथे खायला काही फाजील नव्हतंच.

तिसऱ्या पावसाळ्यात झाड बुडाशी पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळांचा काळा चिखल. वास येत होता. आक्कांचं झाड मी तीन वर्षांत, लाड करून, मारलं होतं.

वरची तीन पानं तेवढी घट्ट होती. ती कापून आठ दिवस खिडकीत नुसती ठेवली, कापलेली कड वाळून खडबडीत होईपर्यंत. ही पायरी गाळू नका. ओल्या जखमेसह लावलं की हमखास कुजतं. मग माळ्यावरून तीच बादली काढली. बुडाला आणखी दोन भोकं पाडली. विटांचे तुकडे, कोळशाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, थोडा कुजका पाला, मूठभर जुनं शेणखत. माती जवळजवळ नाहीच. पान दोन बोटं आत खोचलं, काठीचा आधार दिला आणि मुळं धरेपर्यंत पाण्याचा नुसता शिपका. फुलायला तीन वर्षं लागली. वहीत त्या वर्षी डाव्या बाजूला फार थोड्या नोंदी आहेत, उजवीकडे पाच कळ्या.

आता माझी रीत अशी. वरचं बोटभर कोरडं झालं की पाणी, नाहीतर नाही. उन्हाळ्यात ते तीन-चार दिवसांनी येतं, थंडीत पंधरा दिवसही चालतात, आणि पावसाळ्यात तर मी हातच लावत नाही. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. भांडं लहान आणि मुळांनी दाटलेलं असलं तरी बिघडत नाही, उलट बरं फुलतं. युरिया कधीही नाही. कुंडीखालची बशी काढून टाका. त्यात पाणी साठतं, डासांच्या अळ्या होतात आणि मग चातुर्मासात आपण ते पाणी कुठे ओतायचं म्हणून कासावीस होतो. कळ्या धरल्यावर कुंडी हलवायची नाही. मी एकदा पाहुण्यांना दिसावी म्हणून दिवाणखान्यात आणली, तर सातातल्या चार गळल्या.

कीड आजही एखादेवेळी दिसते. ते पान कापून परसाच्या कोपऱ्यात पाल्यावर ठेवून येते. ते जीव तिथे जगतातच असं नाही, हे मला कळतं. मी निर्दोष आहे असा दावा नाही. बाटली मात्र घरात नाही.

फूल तोडून वाहावं का, असं विचारतात. आठ-नऊला उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण, पहाटे मान टाकलेली. देवदर्शनाला जाईपर्यंत हातात चोथा. झाडावरच राहू दे की. जंगलात ते रात्रीच्या पतंगांसाठी उमलतं, आपल्यासाठी नव्हे. माणसं बघायला येतात तेव्हा मी बोळात सतरंजी घालते. रात्रीचं खाणं-पिणं आमच्याकडे नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. बोलावणाऱ्या बाईला काहीच करावं लागत नाही असा हा वर्षातला एकमेव समारंभ! दिवा बंद केला की वास जास्त येतो, हे माझं मत.

गेल्या महिन्यात सूनबाईचा पुण्याहून फोन आला, “आई, तुम्ही दिलेलं पान मऊ पडलंय, आणखी पाणी घालू का?” मी म्हटलं, आधी तो तांब्या खाली ठेव.

तिच्यासाठी आणि आणखी कुणाला हवी असतील तर म्हणून, सध्या खिडकीत पाच पानं वाळत ठेवली आहेत. रविवारनंतर या. येताना नवी कुंडी आणू नका, घरातला फुटका डबा चालेल. न्यायला वर्तमानपत्र मी देईन.