प्रकृति कशी आहे?

“प्रकृति कशी आहे?” हा प्रश्न विचारण्याचा आपल्या समाजांत मोठा प्रघात आहे, उत्तर ऐकून घेण्याचा मात्र तितकासा नाहीं. विचारणारा उंबऱ्याशीं वहाणा काढीत असतो, आणि उत्तर देणारा “ठीक आहे” एवढें म्हणून चहा सांगण्यास आंत वळतो. एकत्र कुटुंबांत तर हा प्रश्न कोणी कोणास विचारीतच नाहीं. एका छपराखालीं राहणाऱ्या माणसांना एकमेकांची प्रकृति आपोआप कळत असते, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते तें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे, म्हणून या महिन्याचें हें पान त्या विषयास देण्याचें योजिलें आहे.

आमचें घर गोंदियाचें. तीन पिढ्यांचीं चौदा माणसें एका स्वयंपाकावर जेवणारीं. घराची खरी धुरा आमच्या थोरल्या वहिनींकडे असे. ज्येष्ठा गौरींस आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्या असा त्या दिवशींचा थाट. अशाच एका महालक्ष्म्यांच्या दिवशीं वहिनी दोनदां चुलीपासून उठून भिंतीशीं टेकून बसल्या, पाणी प्याल्या आणि पुन्हां कामास लागल्या. संध्याकाळीं हळदीकुंकवाच्या वेळीं त्यांचें बोलणें अडखळूं लागलें, हातांतली करंडी निसटली. दिवसभराचा उपास, त्यांत आल्यागेल्यांची नजर, असा आम्ही सर्वांनीं तर्क केला. दृष्ट काढण्यास मीठ-मोहऱ्या कोणीं आणल्या म्हणाल, तर त्या आम्हींच आणल्या. वहिनींना निजविलें, आणि दवाखान्यांत नेलें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं.

डॉक्टरांनीं मनगट हातांत घेतलें, हृदयाचा विद्युत्-आलेख काढला आणि सांगितलें कीं, यांच्या हृदयाची लय बरेच दिवसांपासून बिघडलेली आहे. त्यामुळें हृदयांत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूंत गेली. वहिनी त्यानंतर चार वर्षें होत्या. पण उजवा हात पुन्हां पोळी लाटण्यास उठला नाहीं.

हा लयभंग काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. मिनिटास बहात्तर ठोके धरले तर हृदय दिवसाकाठीं एक लाख तीन हजार सहाशें ऐंशी वेळां आकुंचन पावतें. त्यांस ताल देणारा पेशींचा एक लहानसा पुंजका उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत असतो. कीथ व फ्लॅक या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं तो १९०७ सालीं दाखवून दिला. त्याच्या विजेचा आलेख कागदावर उमटविण्याची युक्ति हॉलंडांतील आइंटहोव्हेन यांची. तिजबद्दल त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. कित्येकांच्या हृदयांत, विशेषतः उतारवयांत, या एका तालाची सत्ता मोडते आणि वरच्या कप्प्यांत शेंकडों विस्कळीत लहरी एकदम उठूं लागतात. कप्पा आकुंचन पावण्याऐवजीं नुसता थरथरतो. रक्त कोपऱ्यांत साचून गोठूं लागतें. अशा माणसास अर्धांगाचा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो. रक्तदाब, मधुमेह, झडपांचा जुना विकार आणि गलग्रंथीचा अतिरेक हे या लयभंगाचे नेहमींचे सोबती. म्हणूनच तो पुष्कळदां एकटा येत नाहीं, गोतावळ्यासह येतो.

आतां वहिनींनीं हें लपविलें कां? तें त्यांनीं पुढें आपल्या अडखळत्या बोलण्यांत आम्हांस सांगितलें, आणि तें ऐकून आम्ही खालीं मान घालून बसलों. आमचे आजोबा नाडीपरीक्षा करीत. शार्ङ्गधरसंहितेंत वाताची नाडी जळवेच्या व सर्पाच्या गतीनें, पित्ताची बेडकाच्या, कफाची हंसाच्या गतीनें चालते असें वर्णन आहे. आजोबा आम्हां मुलांच्या मनगटावर बोटें ठेवून हे प्राणी मोठ्या रंगानें चालवून दाखवीत. त्याच ग्रंथांत थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक म्हटली आहे. तेंही घरांत सर्वांच्या कानांवर होतें. वहिनींना आपली नाडी चुकते हें दोन वर्षें ठाऊक होतें. एका डॉक्टरांस त्यांनीं एकदां भीत भीत विचारलें, तेव्हां “मनाचे खेळ आहेत” असें उत्तर मिळालें. दवाखाना म्हणतो कांहीं नाहीं, आणि आजोबांचा ग्रंथ म्हणतो मरण. मग त्या माउलीनें दोन्ही गोष्टी पदरांत बांधल्या आणि मुकाट्यानें पोळ्या लाटीत राहिली.

आजोबांस किंवा ग्रंथास आम्ही दोष देत नाहीं. ज्या काळीं हातांत दुसरें साधन नव्हतें, त्या काळीं केवळ बोटांच्या टोकांनीं एवढें ओळखणें लहान गोष्ट नव्हे. परंतु आज आपणांस हें ठाऊक आहे कीं, एखाददुसरा ठोका चुकणें निरोगी माणसांतही आढळतें व तें बहुधा निरुपद्रवी असतें. आणि जो लयभंग खरोखर धोक्याचा, त्यावरही उपाय आहेत. ज्ञान पुढें गेलें; भीति मात्र आमच्या घरांत जुन्या जागींच बसून राहिली.

वहिनींच्या मागें तीन वर्षांनीं हाच विकार आमच्या वांट्यास आला. कार्तिकांत, धानाच्या कापणीच्या दिवसांत, स्टेशनचा पूल चढतांना छातींत पाखरूं फडफडावें तसें झालें. त्या रात्रीं पानावर बसल्या बसल्या आम्हीं सर्वांदेखत तें सांगितलें. मुलें घाबरलीं, सूनबाईंच्या हातचें वाढणें थांबलें; पण दुसऱ्या दिवशीं आलेख निघाला आणि आठवड्याच्या आंत औषध सुरू झालें. रक्तदाब व मधुमेह पंधरा वर्षांचे जुने भाडेकरी होतेच. आतां तिसरा आला. दिवसास सात गोळ्या, आणि एक वही.

या वहीबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत. रोज सकाळीं, चहापूर्वीं, पांच मिनिटें शांत बसल्यावर, अंगठ्याच्या मुळाखालीं तीन बोटें ठेवून नाडी मोजावयाची. आणि ती पुरा एक मिनिट, कारण बेताल नाडी पंधरा सेकंद मोजून चौपट केली तर हिशेब चुकतो. आमचा हिशेबनीस दहा वर्षांचा नातू आहे. तो घड्याळ धरून मोजतो, “आबा, आज ७८, पण मधे गडबड आहे” असा शेरा देतो, आणि धाकट्या सूनबाई तो रक्तदाबाशेजारीं लिहून ठेवतात. तपासणीस जातांना आमच्या आठवणीपेक्षां ही वही अधिक खरें बोलते.

औषधांविषयीं आम्हीं केलेल्या चुकाही सांगून टाकतों. रक्त गोठूं न देणाऱ्या वॉरफेरिन या जुन्या औषधावर पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, एवढें ऐकतांच घरांत पालक, मेथी, अंबाडी यांस बंदी झाली. डॉक्टर हंसले. म्हणाले, भाजी सोडूं नका, तिचें प्रमाण सारखें ठेवा. एका आठवड्यांत रोज आणि दुसऱ्यांत मुळींच नाहीं, असें झालें कीं रक्ताची परीक्षा डळमळते. नव्या औषधांना हा जाच नाहीं. पण झडपेचा गंभीर विकार असणाऱ्या कित्येकांस जुनेंच घ्यावें लागतें. दुसरी चूक गुडघेदुखीची. शेजाऱ्यांनीं दिलेली वेदनाशामक गोळी आम्हीं घेतली आणि हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. अशा गोळीशीं रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचें वैर आहे, हें तेव्हां कळलें.

तिसरा मोह झाडपाल्याचा. आमच्या भागांत जंगल जवळ, त्यामुळें मुळ्या आणून देणारे हितचिंतकही पुष्कळ. वनस्पतींत गुण नाहीं असें कोण म्हणेल? सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला आणि जगानें तो मानला. त्याच मुळींतून दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमां सिद्दिकी यांनीं १९३१ सालीं एक द्रव्य वेगळें केलें व हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्यास ‘अजमलीन’ हें नांव दिलें. हृदयाच्या लयीवर चालणारें तें एक औषध ठरलें. परंतु तें मोजून, शुद्ध करून, पारखून दिलें जातें. अंगणांतील कण्हेरींतही हृदयावर चालणारें द्रव्य आहे, आणि त्यानें माणसें दगावतात. गुण आहे म्हणूनच माप हवें. उकळून केलेल्या काढ्यास माप नसतें.

आमच्या हवेचा आणि आमच्या व्रतांचाही विचार करावा लागतो. वैशाख-ज्येष्ठांत येथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. लघवी वाढविणारी गोळी चालू असतां अंगांतील पाणी व क्षार घटले, तर लय अधिकच बिघडते. म्हणून उन्हाळ्यांत गोळीचें प्रमाण डॉक्टरांस विचारून घ्यावें. स्वतःच कमीअधिक करूं नये. मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी एकादशी करणें म्हणजे चक्कर येऊन पडण्यास निमंत्रण होय. आमच्या मातोश्रींनीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं आम्हांस उपासांतून मोकळें केलें. “औषध चुकवून केलेलें व्रत देवाच्या खातीं जमा होत नाहीं,” असें त्या म्हणाल्या. पुष्कळ घरांत हा निर्णय सासूबाईंच्याच तोंडून निघावा लागतो; सुनेनें म्हटलेला तो टिकत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत दीर्घ आजाराचा अभ्यास आम्हांपेक्षां कितीतरी अधिक झालेलीं घरें आहेत. पूर्व विदर्भांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सरकारी रुग्णालयांत रांगेंत बसलों असतां एका बाईनें आपल्या मुलाची पाण्याची बाटली आम्हांस दाखविली. शाळेंतून ती रिकामी परत आलीच पाहिजे, असा तिच्या घरचा नियम. पाणी कमी पडलें कीं त्याचें दुखणें उठतें. तिच्या बोलण्यांत कुरकुर नव्हती, शौर्याचा आवही नव्हता. आमच्या गोळ्यांच्या डबीचा आम्हांस तोंवर जो कंटाळा होता, तो त्या दिवशीं निम्मा झाला.

आतां नाण्याची दुसरी बाजू. न विचारणारें घर एकदां विचारूं लागलें कीं तें थांबतच नाहीं. आम्हांस तांब्या उचलूं देईनात, बाजारांत जाऊं देईनात, पुतण्याच्या मुंजीस नागपूरला जाण्यावरून तर दोन दिवस वाद झाला. अखेरीस डॉक्टरांनींच सांगितलें कीं चालणें हें औषधाइतकेंच आवश्यक आहे. आजाऱ्याजवळून काम काढून घेणें म्हणजे त्याच्या हातीं केवळ आजार ठेवणें होय. सध्यां भाजी आणणें व नातवंडांचें संस्कृत हीं दोन खातीं आमच्याकडे आहेत, आणि तीं आम्ही सोडणार नाहीं.

स्टॉकहोमच्या आर्ने लार्सन या गृहस्थांची हकीकत याच कारणानें आम्हांस प्रिय आहे. त्यांचें हृदय वारंवार थांबत असे. त्यांच्या पत्नीनें शल्यवैद्य सेनिंग व यंत्रज्ञ एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरविला, आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं लार्सन यांच्या शरीरांत ताल देणारें यंत्र बसविलें गेलें. असें यंत्र शरीरांत बसविलेला हा जगांतला पहिला मनुष्य. पहिलें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें, दुसरें बसवावें लागलें, आणि पुढें आयुष्यभर तीं बदलत राहिलीं. त्या वेळीं त्रेचाळीस वर्षांचे असलेले लार्सन २००१ सालीं, शहाऐंशीव्या वर्षीं वारले, आणि तेही हृदयविकारानें नव्हे. विद्या वैद्यांची खरी. पण त्या विद्येच्या दारावर थाप मारणारें माणूस घरचेंच होतें.

तेव्हां वाचकांस एवढीच विनंति कीं, आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील प्रत्येक वडील माणसाची नाडी एक मिनिट मोजावी. ती बेताल लागल्यास घाबरूं नये, लपवूं नये; आलेख काढून घ्यावा. आणि कोणाचें तोंड वांकडें झालें, एक हात गळाला, बोलणें अडखळलें, तर मीठ-मोहऱ्या शोधूं नयेत, १०८ क्रमांक फिरवावा. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग साधारणतः साडेचार तासांच्या आंतच होतो. आमच्या घरापासून रुग्णालय दहा मिनिटांवर होतें. त्या संध्याकाळीं आमच्यापाशीं ते साडेचार तास होते.

हल्लीं आमच्याकडे रात्रीं पानें उचलण्यापूर्वीं एकमेकांस “प्रकृति कशी आहे?” असें विचारण्याची चाल पडली आहे. वाढणाऱ्या सुनांसही विचारतों, आणि त्यांना अगोदर बसावयास सांगतों.