कोठारात धान्य की मीठ?

दौलताबादच्या रहिवाशाला किल्ल्याची थोरवी कोणी सांगावी लागत नाही. उभा कडा, खंदक आणि अंधारी वाट यांमुळे हा गड अजिंक्य मानला गेला. तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा रामदेवराव यादवाला तह पत्करावा लागला. तो तट ढासळला म्हणून नव्हे. धान्याची समजून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली म्हणून, अशी हकीकत मध्ययुगीन इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. तिच्या तपशिलाविषयी मतभेद संभवतील. तिच्यातील व्यवहारज्ञान मात्र वादातीत आहे. कोठारात काय आहे हे आधी पाहिले नाही, तर तट कितीही भक्कम असून उपयोग नाही.

या जुन्या हकिकतीचे स्मरण होण्यास निमित्त मात्र अगदी आधुनिक घडले. प्रस्तुत लेखक दौलताबादहून छत्रपती संभाजीनगरला अध्यापनासाठी रोज एसटीने ये-जा करतो. हा वेळ वाचनात जावा म्हणून त्याने सहा इंची पडद्याचा एक ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे स्वतंत्र यंत्र, खरेदी केला. जाहिरातीत सांगितलेले सर्व गुण त्या यंत्रात होते. पण पहिल्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला एक जुना दोन स्तंभी मराठी ग्रंथ त्यावर उघडला, तर अक्षरे मुंगीएवढी दिसली. मोठी करावीत तर अर्धी ओळ पडद्याबाहेर गेली. दोष यंत्रात नव्हता, निवडीत होता. आणि तो अर्थशास्त्र शिकवणाऱ्याच्या हातून घडला, हे कबूल केलेले बरे.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्या एकमेकींवाचून व्यर्थ असतात. दौतीवाचून टाक आणि पुस्तकावाचून ई-रीडर यांची उपयोगिता शून्यच. म्हणून 'कोणते यंत्र चांगले?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. 'मला जी पुस्तके वाचावयाची आहेत, ती कोणत्या रूपात उपलब्ध आहेत?' हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाले की यंत्राची निवड बव्हंशी आपोआप होते.

हे रूप दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार पीडीएफचा. यात छापील पान जसेच्या तसे गोठवलेले असते. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत तर ते नुसते पानाचे छायाचित्रच असते. दुसरा प्रकार ईपबसारख्या प्रवाही मजकुराचा. यात अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात आणि पडदा लहान असला तरी अडत नाही. इंग्रजी वाचकाला प्रवाही पुस्तके मुबलक मिळतात, म्हणून त्याला सहा इंची यंत्र पुरते. मराठी वाचकाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य खुली केलेली पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, ई-साहित्य प्रतिष्ठानने वाटलेली पुस्तके हे आपले सार्वजनिक भांडार प्रामुख्याने पीडीएफमध्ये आहे. ज्याचे वाचन या भांडारावर चालणार, त्याने लहान यंत्र घेणे म्हणजे मिठाची पोती गडावर चढवणेच होय.

विकत मिळणाऱ्या मराठी पुस्तकांचे कोठार निराळे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलसाठी विक्रीस आणली, तेव्हापासून मराठी कादंबरीवाचकाची सोय झाली. परंतु बुकगंगावर घेतलेले ई-पुस्तक तिच्याच ॲपमध्ये उघडते, आणि ते ॲप मोबाइलवर व टॅब्लेटवर चालते, किंडलवर नाही. अर्थात आपल्या आवडीचा लेखक कोणत्या दुकानात आहे, याची चौकशी यंत्र घेण्यापूर्वी केली पाहिजे, घेतल्यानंतर नव्हे.

आता पडद्याविषयी. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युत्भारित काळे-पांढरे कण असतात. हे कण खालीवर होऊन अक्षर उमटते व पान उलटेपर्यंत तसेच राहते. विजेचा खर्च मुख्यतः पान उलटताना होत असल्याने एकदा भारित केलेले यंत्र अनेक दिवस, कित्येकदा काही आठवडे चालते. भर उन्हातही ते कागदासारखे वाचता येते, ही मराठवाड्यात लहान सोय नव्हे. उलटपक्षी, नकाशे, रंगीत आकृत्या व चलचित्रे यांसाठी हा पडदा गैरसोयीचा ठरतो.

एवढे ध्यानात घेतल्यावर निवडीचा हिशेब सोपा होतो. दृष्टी मंदावलेल्या निवृत्त शिक्षकाला कथा-कादंबऱ्या वाचावयाच्या असतील, तर सहा-सात इंचांचे ई-इंकचे यंत्र उत्तम. त्याच्यासाठी प्रत्येक प्रवाही पुस्तक मोठ्या टाइपातले होते. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्या मोहात पडू नये. त्याची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये, नकाशे रंगीत. दहा इंचांचा साधा टॅब्लेट त्याला अधिक उपयोगी. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकाने एकतर दहा इंची ई-इंक यंत्राचा खर्च सोसावा, नाहीतर संगणकावर वाचावे. आणि वर्षाकाठी चार पुस्तके वाचणाऱ्याने काहीच विकत घेऊ नये. हातातला मोबाइल आणि गावातले वाचनालय त्याला पुरेसे आहे.

हा शेवटचा सल्ला कोणाला रुचणार नाही, म्हणून थोडे अंकगणित मांडतो. समजा, यंत्राची किंमत १२,००० रुपये आणि आयुष्य पाच वर्षे. म्हणजे वर्षाचा खर्च २,४०० रुपये झाला. छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तक सरासरी ८० रुपयांनी स्वस्त पडले असे धरले, तर नुसता यंत्राचा खर्च भरून निघण्यास वर्षाला ३० पुस्तके विकत घेऊन वाचावी लागतील. आपण खरोखर किती वाचतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे ठरवावे.

या हिशेबात न येणारा आणखी एक खर्च आहे. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते शेजाऱ्याला देता येते, मुलांसाठी ठेवता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा वाचनाचा परवाना तेवढा मिळतो. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्यांतले एक पुस्तक सर्वंकष सत्तेवरील '१९८४' हे असावे, हा योगायोग बोलका आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. विकत घेतलेले पुस्तक किंडलच्या संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेण्यात आली. तेव्हा एका दुकानाला बांधलेले यंत्र घेताना आपण एका मक्तेदाराच्या कोठारात धान्य ठेवत आहोत, ही जाणीव असावी. जे ग्रंथ जन्मभर लागणार, ते छापीलच घ्यावेत.

खरेदीपूर्वी एक साधी कसोटी प्रत्येकाने लावावी. ज्याच्याजवळ ते यंत्र असेल त्याच्याकडे जाऊन आपल्याला हवे असलेले एक मराठी पुस्तक त्यावर उघडावे; 'दऱ्या', 'ऱ्हास', 'ॲ' ही अक्षरे नीट उमटतात का, ते पाहावे. जे यंत्र आपल्या लिपीशी नीट वागत नाही, ते इतर गुणांनी कितीही संपन्न असले तरी आपल्या कामाचे नाही.

तथापि सर्व भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकणे न्याय्य नाही. याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या चरणाशी बसून शिकलेल्या एकनाथांनी पुढे शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती पुष्कळ होत्या. पाठ शुद्ध हवा होता. आजही पानांच्या छायाचित्रांचा तोटा नाही. वानवा आहे ती शुद्ध, प्रवाही मजकुराची. जनतेच्या पैशातून प्रसिद्ध झालेले ग्रंथ शासकीय संस्थांनी पीडीएफबरोबरच ईपबमध्ये, तपासलेल्या युनिकोड मजकुरासह द्यावेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा मुक्त झालेल्या जुन्या मराठी वाङ्मयापासून या कामाचा आरंभ करण्यास कायद्याचीही आडकाठी नाही. तसे झाले तर आज महागड्या दहा इंची यंत्रावर जे धड वाचता येते, ते गरीब विद्यार्थ्याच्या मोबाइलवरही वाचता येईल.

तोपर्यंत वाचकाने आपल्यापुरती दक्षता घ्यावी. यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून येत्या वर्षात वाचावयाच्या दहा पुस्तकांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या रूपात, कोठे मिळते हे लिहावे. ती यादी हाती असली म्हणजे पोत्यांत काय आहे, हे वेढा पडण्याआधीच कळेल.