धडा प्रसूतीपूर्वीच हवा

पुणेकरांना भोर आणि वेल्हे हे तालुके ठाऊक असतात ते राजगड-तोरण्यामुळे आणि भाटघर-पानशेतच्या धरणांमुळे. वेल्ह्याला आता राजगड हे नावही मिळाले आहे. या डोंगराळ मुलखातील गर्भवतीसाठी आज शासनाची व्यवस्था आहे. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, वजनाची व रक्तदाबाची नोंद हे सारे तीत येते. परंतु जन्मणाऱ्या बाळाला पहिल्या तासात काय पाजावयाचे, हे तिला आधी कोणी निवांतपणे समजावून सांगते काय?

हा प्रश्न केवळ दोन तालुक्यांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून अवघे ४१.८ टक्के झाले. प्रसूती रुग्णालयात आली. पण तो पहिला तास हाती आला नाही. रुग्णालयात खाट मिळाली म्हणजे ज्ञानही मिळाले, असे होत नाही, हाच या आकड्यांचा अर्थ आहे.

पहिले दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात विपुल असतात. तरीही अनेक घरांत तो बाळाला बाधेल म्हणून पिळून टाकतात आणि मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवितात. गोठ्यातले वासरू चिकावाचून राहू नये म्हणून जपणारा शेतकरी आपल्या नातवाच्या बाबतीत ही रीत मुकाट्याने चालू देतो, ही विसंगती खेदजनक होय.

आई होणे हे का शिकवावे लागते, आपल्या आज्या कोणत्या वर्गात बसल्या होत्या, असे कोणी विचारील. आज्यांच्या भोवती जाणत्या स्त्रिया होत्या, हे खरे; परंतु चीक टाकून देण्याची रीतही त्याच परंपरेतून आली. जे हितकर ते ठेवावे आणि जे घातक ते सोडावे, हा विवेक शिकविल्यावाचून येत नाही.

आणि तो शिकविण्याची वेळ प्रसूतीपूर्वीचीच आहे. बाळंतिणीच्या खाटेपाशी निर्णय घेतात ते सासू, आई वा मावशी. श्रमलेल्या मुलीस तेव्हा वाद घालण्याचे बळ नसते. त्यातून पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. तपासणी सासरच्या गावी आणि प्रसूती माहेरच्या, अशा स्थितीत सल्ल्याचा धागा मध्येच तुटतो. म्हणून हे शिक्षण गर्भवतीबरोबर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाही मिळाले पाहिजे आणि तिची माहिती माहेरच्या आशा कार्यकर्तीपर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे.

यासाठी नवी योजना नको. स्तनपानाच्या प्रसारासाठी 'मा' हा कार्यक्रम २०१६ मध्येच सुरू झाला. दरमहा ९ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी होते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने सहा वेळा घरी जावे, असाही नियम आहे. त्या ९ तारखेस स्तनपानाच्या समुपदेशनासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा, बाळाला कसे धरावे हे बाहुली घेऊन दाखवावे आणि त्याची नोंद कार्डावर करावी, एवढेच आमचे मागणे आहे. केवळ आधी सांगून भागणार नाही; नंतर घरी येणारा मदतीचा हातही हवा. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले. त्या कामात स्तनपानाखेरीज इतरही उपचार होते. पण शिकविलेली ग्रामीण स्त्री काय करू शकते, याचा तो निर्णायक पुरावा आहे.

शहरातील सुशिक्षितांनीही स्वतःस या प्रश्नाबाहेर समजू नये. दूधभुकटी व बाटल्यांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी शस्त्रक्रियेने प्रसूती झाली की बाळाला वरचे दूध देण्याची घाई येथेही होते. वस्तुतः अशा मातेलाही थोड्या आधाराने स्तनपान देता येते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला पाणीही नको, हे सत्य डोंगरातल्या वाडीला आणि पेठेतल्या वाड्याला सारखेच लागू आहे. ते बाळाच्या जन्माआधी आईच्या कानी घालणे हे शासनाचे कर्तव्य आहेच. पण ते प्रत्येक घराचेही आहे.