आधी कान, मग छापखाना
मराठी निबंध म्हटला की पहिलं नाव येतं विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि ती जवळजवळ एकहाती चालवली. निबंध म्हणजे दार लावून एकट्यानं लिहायचा प्रकार, ही आपली समजूत बहुधा तिथूनच पक्की झाली असावी. पण त्याच्या पाव शतक आधी, १८४८ मध्ये, मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक सभा स्थापन केली होती. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे व्याकरणकार. त्यांच्यासमोर निबंध वाचायचा म्हणजे छातीच हवी! सभेत निबंध वाचायचे, त्यावर बोलायचं, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात ते छापूनही येऊ लागले. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. घरी ऐटदार वाटलेलं वाक्य चौघांत वाचताना एका दमात बसत नाही, वाचणारा मध्येच अडखळतो, आणि समोरचा चहाच्या कपात डोकावू लागला की तो परिच्छेद गेलाच म्हणून समजा. ‘छान झालंय’ म्हणणारी मंडळी मात्र काही कामाची नाहीत. ‘हे कळलं नाही, परत वाच’ म्हणणारा एक तरी हवा. आणि वाचायच्या आधी निबंधाच्या प्रती अजिबात वाटू नयेत. कागद हातात पडला की आपली माणसं ऐकायचं सोडून ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतात.