शुक्र कुणाकुणाचा?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरची मंडळी भंडारदऱ्याला गेलो. तलावाकाठी डबे उघडले. जेवण झाल्यावर अम्मी म्हणाल्या, "अल्लाह का शुक्र है." चहा देणाऱ्या ठाकर समाजाच्या मावशी सहज बोलून गेल्या, "पाणी समोर आहे, पण उन्हाळ्यात आमच्या डोक्यावरचा हंडा काही सुटत नाही."

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. कुटुंबे एकत्र येतात, आभार मानतात. पण 1970 पासून त्याच दिवशी प्लिमथ गावात तिथले मूळनिवासी शोकदिन पाळतात. ज्यांची जमीन गेली, त्यांना त्या मेजवानीत आपले दुःख दिसते.

आपल्या अकोल्यातही हा प्रश्न आहे. प्रवरेवरचे हे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहिला. वर मात्र महादेव कोळी, ठाकर कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आम्ही खालचे लोक तेच पाणी वापरतो आणि सुट्टीला त्याच काठावर येतो.

जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस आपण मुलांना शिकवतो. मग शुक्र फक्त तोंडाने कसा पुरेल? इथल्या माणसाकडून जेवण घ्यावे, घासाघीस करू नये, कचरा परत न्यावा. आणि धरणालगतच्या वाड्यांना नळाचे पाणी मिळावे, ही मागणी त्यांच्याबरोबर आपणही करावी. शुक्राची सुरुवात तिथून होते.