जहाज बांधणाऱ्याचे नाव



अमळनेरच्या मुलांना जहाजांचे काय, असे तुम्ही म्हणाल. समुद्र आपल्यापासून पुष्कळ दूर. पण आपल्या बोरी नदीचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेत अठराव्या शतकात लवजी नसरवानजी हा पारशी सुतार जहाजबांधणीचे काम करीत असे. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 साली त्याला काही सुतारांसह मुंबईस आणले. त्याच्या घराण्याला पुढे वाडिया, म्हणजे जहाज बांधणारे, हे नाव पडले.

मुंबईत 1750 साली सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यायचे, दार लावून पाणी काढून टाकायचे आणि तळाची दुरुस्ती करायची, अशी ही सोय. युद्धात जखमी झालेल्या जहाजांना तिचा मोठा आधार झाला. लवजी 1774 साली वारला. त्याच्यामागे माणेकजी व बोमनजी ही मुले आणि नंतर नातवंडे हेच काम करीत राहिली. नातू जमशेटजीच्या देखरेखीखाली 1810 साली 74 तोफांचे 'मिंडेन' पाण्यात उतरले. 1817 सालचे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

लाकडी जहाज दोनशे वर्षे टिकते कसे? उत्तर सागात आहे. हा साग मलबारचा. इंग्लंडमधली जहाजे ओक लाकडाची असत. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. ओलाव्यात ते लोखंडी खिळ्यांना खाते. सागात तेलकट द्रव्य असते, त्यामुळे तो सहसा कुजत नाही. घरी एक प्रयोग करा. बाभळीच्या आणि सागाच्या ओल्या तुकड्यात एकेक खिळा ठोका. आठ दिवसांनी खिळ्याभोवती कोणते लाकूड अधिक काळे पडले, ते पाहा. कातडी कमावायला बाभळीची साल का वापरतात, हेही मग उमगेल.

आता माझे म्हणणे सांगतो. लढाईच्या इतिहासात नौसेनापतीचे नाव असते, सुताराचे नसते. 1827 साली नव्हारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टनचे 'एशिया' हे जहाज मुंबईत बांधलेले होते. त्या लढाईने ग्रीसच्या स्वातंत्र्याला हातभार लागला. पण मुंबईच्याच 'कॉर्नवॉलिस' जहाजावर 1842 साली नानकिंगचा तह झाला. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनवर तो लादला गेला होता. गोदी तीच, लाकूड तेच, कसब तेच. एका जहाजाचा अभिमान वाटतो, दुसऱ्याबद्दल मान खाली जाते. म्हणून सुताराचा गौरव करावाच. पण आपले कसब कोणाच्या कामी येते, हा प्रश्नही त्याबरोबर विचारावा. लवजीला तो विचारायला फारशी मोकळीक नव्हती. तुम्हाला आहे.

दुसरे असे, की बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या काळ बदलला की अपुरी पडते. वाफेची जहाजे आली तेव्हा घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण 1838 साली इंग्लंडला शिकायला गेले. आर्देशर करसेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळला आणि 1841 साली रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सदस्य झाला. हाताच्या कसबाला गणिताची जोड मिळाली, तेव्हाच हे घडले.

शिक्षकांना विनंती, की इतिहासाच्या तासाला लढाई शिकवताना एकदा विचारा: जहाज कोणी बांधले? आणि मुलांनो, गावातल्या सुताराला, लोहाराला त्याचे काम 'असेच का' करतो ते विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. लिहून ठेवलेले ज्ञान घराण्याबाहेर जाते, सर्वांचे होते. विज्ञानाची सुरुवात अशा वहीतूनच होते.